गाडीचं गोडं पाणी

आमच्या घरात पाणी दोन प्रकारचं होतं, त्यामुळे भांडीही दोन प्रकारची होती. पितळी गुंड आणि झाकणाचे दोन हंडे गोड्या पाण्याचे. ते स्वयंपाकघरात घडवंचीवर असत. प्लास्टिकच्या बादल्या आणि अंगणातला सिमेंटचा हौद खाऱ्या पाण्याचा. खारं पाणी बोअरमधून हवं तेव्हा मिळे. गोडं पाणी धरणावरच्या योजनेतून नळाला येई, आठ दिवसांनी, कधी दहा दिवसांनी, तासभर. दर्यापूरजवळचं आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. जमीन काळी आणि चांगली, तिच्या पोटातलं पाणी मात्र तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, चहातलं दूध फाटतं, साबणाला फेस येत नाही, डोकं धुतलं तर केस काथ्यासारखे होतात. बाहेरगावचा पाहुणा आला की आई त्याला आधी कोणतं भांडं कशाचं ते सांगे. सांगताना तिचा आवाज बसच्या थांब्यांची नावं घेणाऱ्या कंडक्टरसारखा असे.

घरात आम्ही चौघं होतो. बाबा दर्यापूरच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. कापसाची आवक कमी होत गेली, फॅक्टरी आधी एका पाळीवर आली, मग बंद झाली. हाती आलेल्या पैशातून त्यांनी डिझेलवर चालणारी एक जुनी गाडी घेतली आणि भाड्यानं चालवायला सुरुवात केली. बाजार, लग्न, तेरवी, दवाखाना. त्या काही वर्षांत दवाखान्याच्या फेऱ्याच जास्त होत्या. मागच्या सीटवर कोण झोपून गेलं आणि त्यानं फवारणीचं कोणतं औषध घेतलं होतं हे बाबा घरी बोलत नसत. आल्यावर सीट धुऊन घेत आणि गाडी सावलीत लावत. त्या वर्षांवर पुढे मी वर्तमानपत्रात पुष्कळ लिहिलं. भाव, पाऊस, मदतीच्या घोषणा, आकडे. ते सगळं दुसऱ्यांच्या अंगणातलं होतं.

चौथी आत्या. बाबांची मोठी बहीण, कमलआत्या. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली आणि तीन वर्षांनी तिची किडनी निकामी झाली. आमच्या पट्ट्यात हा आजार नवा नाही. प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला अमरावतीच्या एका दवाखान्यात तिला डायलिसिसच्या मशीनवर घेत. उरलेले दिवस घर तिच्या पथ्यावर चाले. भाज्या उकडून त्यांचं पाणी फेकायचं, तिच्या भाजीत मीठ नाही, आणि प्यायला दिवसाला तीन पेले. ते पाणी आई सकाळी एका तांब्यात मोजून ठेवी. आत्या त्या तांब्याकडे बघून म्हणायची, "पाणी मोजून, मीठ मोजून. नवरीले कोणी इतकं जपत नाई." बोलणं तिचं असंच होतं, आडवं. सकाळी घरातला पहिला आवाज बोअरच्या मोटरचा, दुसरा आईच्या भाकरी थापण्याचा आणि तिसरा आत्याचा. ती खाटेवरूनच बाबांना हाक मारी, "बापू, उठला का? का तुलेही मशीनवर न्या लागते?"

मे महिन्यातल्या एका मंगळवारी अमरावतीहून परत येताना वलगावच्या पुढे गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली. मी कॉलेजला होते, हे मला नंतर कळलं. बाबांनी गाडी थांबवली. मशीनवरून उतरलेली आत्या दोन तास बाभळीखाली बसून होती. मग एका ओळखीच्या ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आली. आत्या ट्रॅक्टरवर बसायला तयार नव्हती. ती ओढल्या जाणाऱ्या गाडीतच बसून आली. उतरल्यावर म्हणाली, "बैलगाडीचं भाडं द्या आता."

बुधवारी सकाळी सलीमचाचा आले. अंजनगावचे मेकॅनिक, बाबांचे फॅक्टरीतले जोडीदार. दोघांनी वीस वर्षं एकाच यंत्राखाली हात काळे केले होते. त्यांनी रेडिएटरचं झाकण काढून आत पाहिलं, तेलाची पट्टी काढली, बोटावर तेल घेतलं. ते चहासारखं दुधाळ झालं होतं. "भाऊ, हेड गेला," ते म्हणाले. "पाणी तेलात उतरून राहिलं." इंजिनचा वरचा जड तुकडा म्हणजे हेड, तो आणि खालचा ठोकळा यांच्यामध्ये एक पातळ चकती असते, गॅस्केट. इंजिन फार तापलं की हेड वाकतो, गॅस्केट जळते आणि पाणी, तेल, धूर आपापली वाट सोडतात. दुपारपर्यंत दोघांनी हेड उतरवला. झडपा उघडणाऱ्या आठ सळ्या ज्या जागेवरून निघाल्या त्याच जागी परत जायला हव्या होत्या, म्हणून मी चपलांच्या खोक्याला आठ भोकं पाडून त्यांवर आकडे घातले आणि त्या क्रमानं खोचल्या. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. चाचांनी खोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटी कामाची हाये. आमच्या पोट्ट्यायनं त्या पोत्यात भरल्या असत्या."

मग त्यांनी हेड उलटा केला. पाणी जायची भोकं पांढऱ्या थरानं अर्धी बुजली होती. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं. चुन्यासारखा पापुद्रा निघाला. तो त्यांनी जिभेला लावला आणि थुंकला.

"खारा पानी पिया है इसने."

"नाई," बाबा म्हणाले. "गाडीचा डबा वेगळा हाये. नळ आला का पाच लिटर गाडीसाठी काढून ठेवतो आपण. पोरगी भरते रोज."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्यातल्या सळ्यांवरचे आकडे पुन्हा तपासत होते.

मग बाबा म्हणाले, "एकदा खोलापूरजवळ हापशीचं भरलं होतं म्या. मागच्या महिन्यात. पाणी कमी दिसलं, जवळ काही नव्हतं. माहीच चूक झाली ते."

एका वेळच्या हापशीच्या पाण्यानं एवढा थर बसत नाही, हे चाचांना माहीत असणार. त्यांनी पोलादी पट्टी उचलली. हेड वाकला होता. पट्टी आडवी ठेवली तर मध्ये उजेड दिसत होता. तो अकोल्याला नेऊन मशीनवर घासून सपाट करून आणायला हवा होता, आणि नवी गॅस्केटही तिथेच मिळणार होती. बाबांनी हेड पोत्यात गुंडाळला आणि दुपारच्या एसटीनं निघाले. चाचांना गुरुवारी भाचीच्या लग्नाला बाळापूरला जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी मला आणि आईला समोर बसवलं आणि ठोकळ्यावर खडूनं आकडे लिहिले. दहा बोल्ट. पहिला मधला, मग त्याच्यासमोरचा, मग आळीपाळीनं बाहेर बाहेर. कडेपासून सुरुवात केली तर हेड मध्ये फुगतो. एकदम कसायचे नाहीत, तीन फेऱ्यांत. "पयले तीन किलो, मग सहा, मग आठ. एक मीटरचा पाईप लावायचा, त्याच्या टोकावर आठ किलोचा जोर. जास्त नाई, कमी नाई."

"किलो कसं मोजाव चाचा?" मी विचारलं. जोर मोजणारा पाना त्यांच्याकडे होता, पण तो वाशीमला कोणीतरी नेला होता.

"कपाशीचा काटा हाये ना घरी?"

काटा होता. वेचणाऱ्या बायांचा कापूस मोजायचा, आकड्याचा, स्प्रिंगचा. दोन हंगामांपासून तो दाराच्या मागं लटकत होता. आमची अडीच एकर तेव्हा दुसऱ्याला वहितीला दिलेली होती.

त्या दिवशी संध्याकाळी आईनं गावातल्या सगळ्या गाडीवाल्यांना विचारलं. लग्नाची तीथ दाट होती; शुक्रवारी एकही गाडी रिकामी नव्हती. सकाळची पहिली एसटी अमरावतीला पोचायची दहानंतर, तोवर मशीन दुसऱ्याला गेलेलं असे. दोन महिन्यांपूर्वी आत्याची एक फेरी चुकली होती. तेव्हा तिचे पाय आणि तोंड सुजलं, आणि रविवारी ती आडवी होऊ शकली नाही. उशा लावून बसून राहिली, श्वास घेताना तिच्या छातीतून हुक्क्यासारखा आवाज येत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर ते काही सांगू शकत नाहीत. एकच दुसरी वाट होती. गुरुवारी दुपारी चारच्या शेवटच्या एसटीनं जायचं आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात रात्र काढायची. आईनं सतरंजी आणि डबा काढून ठेवला. आत्या म्हणाली, "एसटीत उलटी करत जातो अन् फरशीवर झोपतो. आठ वाजता मशीनवाले म्हणतील, बाई जित्ती हाये का?"

बाबा गुरुवारी साडेबाराला हेड घेऊन उतरले. अकोल्याच्या बसस्थानकावर बाकावर झोपले होते. त्यांनी तोंड धुतलं, दोन भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि लगेच बसले. मी बोल्टांची भोकं तारेला चिंधी लावून कोरडी केली. आत पाणी किंवा तेल राहिलं तर बोल्ट कसताना ठोकळा तडकतो, हेही चाचांनी सांगितलं होतं. गॅस्केट बसवली. हेड दोघांनी उचलून सरळ खाली ठेवला. बाबांनी पाना बोल्टावर दोन्ही हातांनी धरला, मी पाईपच्या टोकाला काट्याचा आकडा अडकवून ओढू लागले. बाबा आकडा म्हणत, मी जोर म्हणे.

"एक."

"तीन."

"दोन."

"तीन."

आत्या खाट दारात ओढून बघत बसली होती. "कापूस तं नाई आला यंदा," ती म्हणाली, "काटा तरी कामी आला."

पहिली फेरी झाली तेव्हा अडीच वाजले होते. बाबांनी घाम पुसला आणि आईला सांगितलं, सतरंजी उचलून ठेव, पाच वाजेपर्यंत गाडी चालू होते. रेडिएटर उघडायची गरज नाही. एका वेळच्या हापशीच्या पाण्यानं त्याच्या नळ्या बुजत नाहीत. वरून धुऊन घेऊ आणि पाणी टाकू. आई सतरंजीला हात न लावता उभी राहिली. मी दुसऱ्या फेरीचा पहिला बोल्ट ओढला. सहा. दुसरा. सहा. तिसऱ्याला आकडा अडकवला आणि ओढला नाही.

गाडीच्या वाटणीच्या गोड्या पाण्यानं मी केस धूत होते. दिवाळीपासून. दर नळाला पाच लिटरचा तो डबा बाबा भरून ठेवत आणि मी रविवारी न्हाणीत नेत असे. डब्यात मग हौदाचं पाणी भरून ठेवी आणि तेच रोज सकाळी रेडिएटरमध्ये घाली. कॉलेजात शहरातून येणाऱ्या मुली होत्या, एवढंच कारण. पाणी पाण्यासारखं दिसतं. गाडीला काय कळतं, असं मी तेव्हा समजत होते. पाच वर्षांची असल्यापासून दोन्ही पाण्यांतला फरक ओळखणाऱ्या मुलीनं असं समजावं, याचं स्पष्टीकरण मला आजही देता येत नाही. मात्र त्या घटकेला मला एवढं नक्की कळत होतं की हेडमध्ये जितका थर होता तितकाच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत असणार, आणि तो तसाच ठेवला तर शुक्रवारी पहाटे गाडी वलगावच्या पुढे, त्याच जागी, पुन्हा तापणार. गाडीत आत्या असणार.

"बाबा, हापशीचं पाणी नव्हतं ते," मी म्हटलं. "मी हौदाचं टाकत होती. दिवाळीपासून. डब्यातलं मी डोक्याले घेतलं."

आवाज बारीक होता, तो आत्यापर्यंत गेला नसावा असं मला वाटलं. आईपर्यंत गेला. तिनं पदर तोंडावर धरला आणि आत निघून गेली.

बाबांनी पाना सोडला नाही. "काटा पाह्य," ते म्हणाले. "बोलता बोलता जास्त ओढशील."

"सहा."

"चार."

"सहा."

दहाही बोल्ट झाले. मग तिसरी फेरी, आठ किलोची. शेवटचा बोल्ट झाल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला, पाठ सरळ केली आणि म्हणाले, "रेडिएटर काढा लागन."

रेडिएटर काढून अंगणात आडवा ठेवला. त्याच्या नळ्यांत तोंडातून फुंकर घातली तर पलीकडे वारा येत नव्हता. आई आतून पातेलं घेऊन आली. त्यात वर्षाची चिंच, सगळी, उकळत होती. तांब्या-पितळेच्या भांड्यांवर खाऱ्या पाण्यानं पडणारे डाग ती चिंचेनंच घाशी. तिला कोणी सांगावं लागलं नाही. आम्ही चिंचेचं कढत पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, त्याची तोंडं चिंध्यांनी बांधली, दोन बाजूंनी धरून तो हलवला, उलटा केला, रिकामा केला. पहिल्या वेळी काहीच निघालं नाही. दुसऱ्या वेळी दुधाळ पाणी. तिसऱ्या वेळी पांढरी कपची पडली, मग मुठी भरतील इतक्या. वास सांबाराचा येत होता. त्याच वेळी रस्त्यावरून चारची एसटी गेली. फाट्यावर तिनं हॉर्न दिला, कोणी हात केला नाही म्हणून न थांबता गेली. आम्ही तिघंही आवाज संपेपर्यंत रेडिएटर धरून उभे होतो.

सळ्या आकड्यांप्रमाणे बसवल्या, झडपांची फट पत्तीनं मोजून बाबांनी लावली. तेल बदललं. उरलं पाणी. धुण्याचं धरून चौदा लिटर गोडं पाणी हवं होतं. नळ शनिवारी यायचा होता. घडवंचीवर एक हंडा आणि गुंडात अर्धं होतं. आईनं हंडा उचलून आणला आणि बाबांच्या पुढ्यात ठेवला. आत्यानं हाक मारली, "माह्या तांब्यातलंही घ्या. मले असं का प्या लागते."

"तुमचं राहू द्या बाई," आई म्हणाली. "आमी पितो दोन दिवस खारं."

सहा वाजता बाबांनी किल्ली फिरवली. तीनदा इंजिन नुसतं घुरघुरलं. चौथ्यांदा ते लागलं, काळा धूर निघाला, मग पांढरा, मग काही नाही. बाबांनी बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास ते चालू ठेवलं आणि दर पाच मिनिटांनी हेडच्या कडेवर बोट फिरवून ते कोरडं आहे का पाहिलं. आई तेवढ्या वेळात भाकरी करून मोकळी झाली. डाळ नव्हती, खाऱ्या पाण्यात ती शिजली नसती.

शुक्रवारी साडेपाचला आम्ही निघालो. मी पुढे बसले, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवायला, मांडीवर दोन लिटरचा डबा घेऊन. बाबांनी चाळीसच्या वर गाडी नेली नाही. दोनदा थांबून खाली वाकून पाहिलं. वलगावच्या पुढची ती बाभळ आली तेव्हा काटा मधल्या रेघेच्या खाली होता. आम्ही दवाखान्यात आठ वाजून दहा मिनिटांनी पोचलो. सिस्टर म्हणाली, अजून पाच मिनिटं झाली असती तर पुढच्या पेशंटला घेतलं असतं. आत्याला खाटेवर घेतलं, हाताला सुया लावल्या, मशीन सुरू झालं. तिच्या रक्तानं मशीनच्या नळ्या भरलेल्या पाहिल्यावर बाबा पहिल्यांदा खुर्चीवर बसले. त्यांच्या नखांत अजून चिंच होती.

"काय झालतं रे गाडीले?" आत्यानं विचारलं. "एवढा पसारा काहून मांडला होता?"

मी खाटेच्या पायथ्याशी डबा धरून उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"हापशीचं पाणी टाकलं होतं म्या. खोलापूरजवळ."

"तुले कळत नाई का? वीस वर्षं मशीनीत काढले न्?"

"नाई कळलं."

"अन् मी उन्हात बसलो दोन तास." मग तिनं मशीनवरच्या चार तासांतला बराच वेळ त्यांना झापलं, थांबून थांबून, दम खात. बाबा ऐकून घेत होते. मध्येच त्यांचा डोळा लागला, तेव्हा ती थांबली.

आत्या त्यानंतर वीस महिने जगली. हापशीची गोष्ट ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, भावाची नक्कल करून, आणि बाबाही सगळ्यांबरोबर हसत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी गाडीत बसायच्या आधी ती त्यांना विचारी, "बापू, पाणी कोणतं टाकलं?" बाबा सांगत, "गोडं." गाडीत पाणी रोज मी भरते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिनं मला एकदाही विचारलं नाही.